दुखरा गुडघा, कंबर, खांदा घेऊन पहिल्यांदा टँकमध्ये उतरताना

डॉक्टर किंवा फिजिओ 'पाण्यात व्यायाम करा' म्हणाले की पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मला पोहता येत नाही, मग कसं? उत्तर सोपं आहे. पोहायचं नाहीच. दुखणं घेऊन पाण्यात उतरणाऱ्यानं पहिले कित्येक आठवडे पाय तळाला टेकवूनच व्यायाम करायचा असतो. पोहायला येणारेच खरं तर जास्त चुकतात. टँकमध्ये उतरलं की दोन फेऱ्या मारायचा मोह होतो, कंबर दुखत असताना मान वर काढून ब्रेस्टस्ट्रोक होतो आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येत नाही.

सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागात अशा पेशंटची कमी नाही. मिरजेत गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आलेल्या आजी, तालमीत लिगामेंट फाटलेला पैलवान, ऊसतोडीत मोळ्या उचलून कंबर धरलेला माणूस, द्राक्षबागेत छाटणीला दिवसभर हात वर करून खांदा आखडलेली बाई. चौघांनाही पाण्याचा उपयोग होतो, पण चौघांनी उभं राहायची खोली वेगळी आणि करायच्या हालचालीही वेगळ्या. पाण्याची खोली म्हणजे इथे औषधाचा डोस. तो चुकला की उपचारही चुकला.

पाणी नेमकं काय करतं

पाणी शरीराला वर उचलून धरतं. नाभीपर्यंत पाण्यात उभं राहिलात तर पायांवर शरीराचं साधारण निम्मं वजन येतं. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पाणी असेल तर तिसरा हिस्सा, आणि मानेपर्यंत असेल तर जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या दोन पायांवर नाभीपर्यंतच्या पाण्यात ३५ किलो, छातीपर्यंत २२ ते २५ आणि मानेपर्यंत ६–७ किलोच भार. हे आकडे स्थिर उभं असतानाचे आहेत. झपझप चालायला लागलात की भार बराच वाढतो. 'पाण्यात आहे, काही होत नाही' म्हणून पहिल्याच दिवशी उड्या मारणाऱ्यांचे गुडघे सुजतात ते यामुळे.

दुसरी गोष्ट दाबाची. चार फूट खोलीवर पाण्याचा दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो, बीपीच्या खालच्या आकड्यापेक्षा जरा जास्तच. तो सगळ्या बाजूंनी सारखा पडतो, म्हणून घोट्यावरची जुनी सूज उभ्या-उभ्या उतरायला लागते. क्रेप बँडेजचा दाब एवढा एकसारखा कधीच नसतो.

तिसरी गोष्ट विरोधाची, आणि इथेच नवखे फसतात. पाण्यातून हात-पाय जेवढ्या वेगानं न्याल तेवढा विरोध वाढतो, आणि तो साधा नाही वाढत: वेग दुप्पट केला की विरोध चौपट. म्हणून वजनं बांधायची गरज नसते. हळू हलवलं तर तोच पाय मोकळा करायचा व्यायाम, जोरात हलवलं तर ताकदीचा. पहिले दोन आठवडे हळूच.

आधी डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्या

तोंडी 'हो, करा की' पुरेसं नाही. कागदावर घ्या: दुखऱ्या पायावर किती भार चालेल, कोणत्या हालचालीला बंदी आहे आणि जखम पाण्यात भिजली तर चालेल का. टाके काढले म्हणजे जखम भरली असं होत नाही. खपली पूर्ण पडून खाली कोरडी, बंद कातडी दिसली पाहिजे. एका टोकाला जरी ओल असेल तरी थांबा. नवीन सांध्याला जंतूची लागण होणं ही फार महागात पडणारी गोष्ट आहे, त्यासाठी आठ-दहा दिवस थांबण्यात काहीच जात नाही.

खुबा बदललेल्यांनी बंदीबद्दल मुद्दाम विचारावं. मागच्या बाजूनं ऑपरेशन झालं असेल तर सुरुवातीला मांडी काटकोनापेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाय आत वळवणं टाळायला सांगतात. पाण्यात शरीर हलकं लागतं, त्यामुळे या हालचाली नकळत होऊन जातात.

ताप, जुलाब, उघडी जखम, नायटा किंवा पायाच्या बोटांतली चिखल्या-बुरशी, कानाच्या पडद्याला भोक, लघवीची नळी, नुकतीच पायाच्या शिरेत झालेली गाठ, आटोक्यात नसलेली फिट किंवा बीपी, धाप लागणारा हृदयविकार: यातलं काहीही असेल तर पाण्यात उतरू नका. हृदयाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मानेपर्यंत पाण्यात गेलं की पायांतलं रक्त दाबानं छातीकडे सरकतं आणि हृदयाला एकदम जास्त रक्त हाताळावं लागतं. निरोगी माणसाला ते कळतही नाही, कमजोर हृदयाला झेपत नाही.

मधुमेह असेल आणि तळपाय बधिर झाले असतील तर पाण्यात जायला हरकत नाही, पण रबरी तळाचे पाण्यातले बूट घालूनच. टँकची फरशी खरखरीत असते. तळपाय सोलवटला तरी कळत नाही आणि त्याची जखम महिनोन्महिने चालते. बाहेर आल्यावर आरसा धरून दोन्ही तळपाय बघायचेच. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी उतरू नये, आणि बिस्किटाचा पुडा किंवा साखर काठावर ठेवावी.

नदी, विहीर, शेततळं नको

हे वेगळं लिहावं लागतं, कारण आपल्याकडे पाणी म्हटलं की कृष्णा आठवते. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात नदीत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. मगर नसली तरी नदीचा तळ सपाट नसतो. कमरेइतक्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावर पाणी. दुखऱ्या पायाला ते पाऊल सावरत नाही. वरून धरणाचा विसर्ग वाढला की ओढही बदलते. विहिरीला उथळ बाजूच नसते. पाठीला भोपळा किंवा कॅन बांधून पोहायला शिकणं वेगळं, उभं राहून गुडघ्याचा व्यायाम करणं वेगळं. शेततळ्याबद्दल तर हात जोडून सांगणं आहे: त्याच्या उतारावर प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं, आणि एकदा पाय घसरला की धडधाकट तरण्यालाही वर चढता येत नाही.

मग राहतो जलतरण तलाव. पास काढण्यापूर्वी एकदा कोरड्या कपड्यांत जाऊन बघून या. बघायचं ते एवढं:

उथळ बाजूला पाणी किती आहे? साडेतीन फूट पाणी पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला नाभी आणि छातीच्या मधे येतं, पाच फूट आठ इंचाच्या पुरुषाला जेमतेम नाभीपर्यंत. म्हणजे एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या नवरा-बायकोच्या गुडघ्यांवर भार वेगळा. काठावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. काठी बुडवून मोजा, पाणी बऱ्याचदा कमी भरलेलं असतं.

उतरायला काय आहे? कठड्यासह रुंद पायऱ्या असतील तर उत्तम. उभी लोखंडी शिडीच असेल तर गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो टँक तुमच्यासाठी नाही, बाकी कितीही चांगला असो.

पाणी कसं आहे? सर्वांत खोल जागेच्या तळाची जाळी वरून स्पष्ट दिसली पाहिजे. मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. तपासणीची नोंद ठेवणारा टँक विचारल्यावर वही दाखवतो. नाकात शिरणारा झणझणीत वास आणि डोळ्यांची आग म्हणजे क्लोरीन भरपूर आहे असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर घाम आणि लघवीत मिसळून क्लोरीन खर्च झाला की हा वास येतो. पावसाळ्यात गढूळपणा दिसला तर त्या दिवशी माघारी फिरा.

आणि गर्दी. सुट्टीतल्या मुलांच्या बॅचमध्ये एक उडी अंगावर आली की महिन्याची मेहनत गेली. मोठ्यांची किंवा लेडीज बॅच घ्या, आणि जीवरक्षकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की मला पोहता येत नाही आणि हा पाय दुखरा आहे.

पाण्याचं तापमान

दुखण्यासाठीचे खास टँक ३३ ते ३५ अंशांवर ठेवतात. आपल्याकडचे बहुतेक टँक उघड्यावरचे आणि न तापवलेले, तिथे ऋतूप्रमाणे वागावं लागतं. मार्च ते मे हा सुरुवात करायला सोयीचा काळ. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाच्या बॅचला गारठलेल्या पाण्यात सांधेदुखीचा माणूस उतरला तर स्नायू आवळतात आणि दुखणं वाढूनच तो बाहेर येतो. पोहणारा हालचालीनं गरम राहतो. तुम्ही हळू हालचाल करणार, म्हणून तुम्हाला थंडी आधी वाजते. थंडीत दिवसभर ऊन खाल्लेलं संध्याकाळचं पाणी घ्या, आधी बाहेर पाच मिनिटं जागच्या जागी चाला, वेळ वीस मिनिटांवर आणा. दात वाजायला लागले किंवा बोटं पांढरी पडली की बाहेर.

तापवलेला टँक मिळालाच तर उलटी काळजी. ३५ अंशांच्या वरच्या पाण्यात अर्ध्या तासानं चक्कर येऊ शकते, आणि गरोदर बाईनं इतक्या गरम पाण्यात व्यायाम करू नये.

सोबत काय न्यायचं

अंगाला घट्ट बसणारा नायलॉनचा कॉस्च्युम. बायकांसाठी पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचाही मिळतो. सुती सलवार किंवा साडी पाणी पिऊन जड होते आणि पायात गुंतते. टोपी, पाण्यातले बूट, फोमचा लांब नूडल. पुढे लागला तर फिजिओ सांगेल तेव्हा कमरेचा तरंगता पट्टा. एवढंच. बाम किंवा तेल चोळून उतरू नका, कठडा हातातून निसटतो. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या तोंडावर घेणं टाळा, नाहीतर किती दुखलं हे घरी गेल्यावर कळतं.

पहिला दिवस: उतरणं आणि चालणं

लघवीला जाऊन या. पाण्याच्या दाबानं लघवीची भावना हटकून होते. शॉवर घ्या. पायऱ्या उतरताना दुखरा पाय आधी, मग चांगला. चढताना चांगला आधी. शिडी असेल तर तोंड शिडीकडे, दोन्ही हात पक्के.

छातीच्या खालपर्यंत पाण्यात जाऊन कठडा धरून दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. पाण्याचा दाब छातीवरही येतो, श्वास थोडा आखूड वाटतो. घाबरायचं कारण नाही. नाकानं आत, तोंडानं फुंकर मारल्यासारखा बाहेर. श्वास लयीत आला की चालायला सुरुवात.

चालणं हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा व्यायाम आहे आणि तोच लोक उरकून टाकतात. कठड्याला समांतर आठ-दहा पावलं पुढे, तेवढीच मागे, मग कठड्याकडे तोंड करून आडवी. प्रत्येक प्रकार दोन-दोन मिनिटं. पुढे चालताना टाच आधी टेकली पाहिजे, मग तळवा, शेवटी बोटं. पाणी वर उचलत असल्यामुळे माणूस नकळत चवड्यांवर चालायला लागतो. असं दहा मिनिटं चाललं की पोटऱ्या भरून येतात आणि लोक म्हणतात पाण्यानं पाय दुखले. दुसरी चूक पुढे झुकण्याची. पाणी छातीवर विरोध करतं, म्हणून खांदे पुढे टाकून ते कापत जावंसं वाटतं आणि सगळा ताण कंबरेत जातो. छाती ताठ, पोट हलकं आत, नजर समोरच्या काठावर. तरीही झुकायला होत असेल तर वेग जास्त आहे, कमी करा.

मागे चालताना बोटं आधी, टाच नंतर. पाठीच्या आणि नितंबाच्या स्नायूंना यात जास्त काम मिळतं, म्हणून कंबरदुखीवाल्यांनी हा प्रकार सावकाश वाढवावा. वळून मागे बघू नका, जोडीदाराला लक्ष ठेवायला सांगा. आडवं चालताना पायाची बोटं समोरच राहिली पाहिजेत. ती चालण्याच्या दिशेला वळली तर खुब्याच्या बाहेरचा स्नायू सुटतो आणि व्यायाम वाया जातो.

पहिल्या दिवशी एवढंच. एकूण पंधरा ते वीस मिनिटं. 'काहीच केलं नाही' असं वाटत असतानाच बाहेर या. पाण्यात हलकं वाटतं म्हणून दमणूक उशिरा कळते, आणि पहिल्याच दिवशी तासभर केलेले लोक दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

गुडघा

चालणं अंगवळणी पडलं, साधारण तिसऱ्या-चौथ्या वेळी, की कठडा धरून पुढचं. चांगल्या पायावर उभे राहून दुखऱ्या पायाची टाच मागे नितंबाकडे न्या आणि परत आणा, दहा वेळा, मग थांबून पुन्हा दहा. वाकवताना पाणी मदत करतं. सरळ करताना तुम्हाला त्याला खाली ढकलावं लागतं, तिथे मांडीचा पुढचा स्नायू काम करतो. घाई केली तर पाण्याच्या जोरानं पाय फेकला जातो, स्नायू काहीच करत नाही. मग गुडघा सरळ ठेवून पाय पुढे, बाजूला, मागे, दहा-दहा वेळा. पाय फार वर न्यायचा नाही. उंची वाढली की कंबर वाकडी होते, आणि खुब्याऐवजी तीच काम करायला लागते.

पाठ भिंतीला टेकवून अर्धी बैठक: गुडघे जास्तीत जास्त ४५ अंश, वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. गुडघे आत पडत असतील तर बैठक उथळ करा. नूडलवर घोड्यासारखं बसून दोन मिनिटं सायकल मारणं गुडघा बदललेल्यांना वाकण्यासाठी चांगलं, पण कठड्याजवळ आणि जोडीदार हाताशी असतानाच.

लिगामेंटवाल्या पैलवानांना एक कळकळीची सूचना. ब्रेस्टस्ट्रोकची बेडूकलाथ मारू नका, पायाला फिन्स लावू नका. बेडूकलाथेत नडगी बाहेर पिळली जाते आणि नव्यानं बसवलेल्या लिगामेंटला तोच पीळ नको असतो. पाण्यात पाय मोकळा वाटतो म्हणून लिगामेंट बरं झालं असं होत नाही. ते शरीरात रुजायला महिने लागतात, आणि मॅटवर कधी जायचं ते सर्जन ठरवतो.

कंबर

छातीपर्यंत पाणी. चालणं पुढे-मागे दहा मिनिटं. मग पाठ, डोकं आणि टाचा भिंतीला लावून उभे राहा, नूडल दोन्ही हातांनी पोटासमोर आडवा धरून पाण्याखाली हळू दाबा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा. नूडल वर यायला धडपडतो आणि त्याला आवरताना पोटाचे खोल स्नायू आवळले जातात. पाठीची कमान भिंतीपासून सुटली तर नूडल कमी दाबा. श्वास रोखू नका.

सायटिकावाल्यांनी दुखण्याची जागा बघत राहायची. पोटरीतलं दुखणं मांडीत आलं, मांडीतलं कंबरेत आलं, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे. उलट कंबरेतली कळ पायात खाली सरकली तर तो व्यायाम तिथेच बंद. कमरेतून पिळण्याचे प्रकार पहिला महिना नकोतच. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बैठकीची जागा बधिर होणं किंवा पंजा उचलता न येणं यातलं काही झालं तर टँक विसरा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खांदा

तासगाव-पलूस भागात ऑक्टोबरची फळछाटणी आणि एप्रिलची खरडछाटणी झाली की हा खांदा घेऊन माणसं येतात. दिवसभर मांडवाखाली मान वर आणि हात डोक्यावर. यांच्यासाठी पाणी खांद्यापर्यंत हवं. खोल जायची गरज नाही: उथळ बाजूला भिंतीला टेकून गुडघे वाकवा किंवा पायरीवर बसा, पाणी आपोआप खांद्याला लागतं. आता हात सोडा. तो स्वतःच तरंगत वर येतो. पाणी उचलतंय, तुम्ही नुसतं अडवायचं नाही. हात पूर्ण बाजूला न नेता थोडा पुढच्या बाजूनं तिरका वर येऊ द्या, अंगठा आकाशाकडे. पाण्याच्या पृष्ठभागाशी थांबा. पाण्याबाहेर काढला की हाताचं सगळं वजन एकदम खांद्यावर येतं, आणि कळ येते ती तिथेच. दहा वेळा वर-खाली, मग कोपर अंगाला चिकटवून मनगट आत-बाहेर दहा वेळा.

हात वर येताना खांदा कानाकडे उचलला जात असेल तर समोर आरशासारखा जोडीदार उभा करा, तो बोटानं दाखवेल. ही चूक स्वतःला दिसत नाही. स्नायू शिवण्याचं ऑपरेशन झालं असेल तर नुसतं तरंगू देणंसुद्धा सर्जननं तारीख दिल्याशिवाय नाही.

घोटा

मुरगळून पाच-सहा दिवस झाले आणि हाड मोडलं नसल्याचं कळलं की छातीपर्यंतच्या पाण्यात टाचा उचलणं सुरू करता येतं: दोन्ही पायांवर पंधरा वेळा, वर एक सेकंद थांबून. आठवडाभरात नाभीपर्यंतच्या पाण्यात, मग एका पायावर. शेवटी डोळे मिटून एका पायावर उभं राहणं, कारण मुरगळलेल्या घोट्याची तोल सांभाळायची जाणीवच मंदावलेली असते आणि पुन्हा मुरगळतो तो त्यामुळे. जवळ टँक नसेल तर मोठ्या टबात पाय बुडवून घोट्यानं बाराखडी गिरवणं हा चालेल असा पर्याय आहे. फक्त ताजी सूज असताना गरम पाणी नको.

बाहेर येणं

पडण्याची खरी भीती इथे आहे. शेवटची तीन मिनिटं हळू चालत उथळ बाजूला या, पहिल्या पायरीवर कठडा धरून मिनिटभर थांबा. पाण्याचा दाब सुटतो, रक्त पुन्हा पायांत उतरतं, बीपी थोडं घसरतं आणि पाय शिशासारखे जड लागतात. लगेच उठून ओल्या फरशीवरून चालायला लागलात की चक्कर येते. काठीची सवय असेल तर काठी पायरीच्या टोकाला आधीच ठेवलेली असू द्या. कपडे बदलण्यापूर्वी पाच मिनिटं खुर्चीवर बसा, पेलाभर पाणी प्या. पाण्यात असताना घाम जाणवत नाही, पण तो गेलेला असतो.

वाढवायचं कसं

आठवड्यातून तीन वेळा, एक दिवस आड. एक वही ठेवा. दुखणं शून्य ते दहा आकड्यात लिहायचं: उतरण्यापूर्वी, बाहेर आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. बाहेर आल्यावर आकडा दोननं वाढलेला चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मूळ जागी आला पाहिजे. आला नाही, किंवा सांधा सुजला, तर पुढच्या वेळी निम्मं करा, बंद करू नका. सलग तीन वेळा सकाळचा आकडा ठीक असेल तर एकच गोष्ट वाढवा: वेळ, वेग किंवा भार. तिन्ही एकदम वाढवले तर कशानं दुखलं हे कळत नाही.

नाडी मोजून जोर ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की छातीपर्यंतच्या पाण्यात ती जमिनीपेक्षा मिनिटाला दहा-पंधरा ठोके कमी पडते. जमिनीवरचा आकडा गाठायला गेलात तर जास्त होईल. चालता-चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, एवढं बघा.

भार वाढवायचा म्हणजे उथळ पाण्याकडे सरकायचं. पहिले दोन आठवडे छातीपर्यंत, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नाभीपर्यंत, पुढे मांडीपर्यंत. बरेच जण महिनोन्महिने छातीइतक्या पाण्यात रमतात, तिथे दुखत नाही म्हणून. घरी जिना मात्र तसाच दुखत राहतो, कारण गुडघ्याला पूर्ण वजन पेलायची सवयच लागलेली नसते आणि हाडांनाही भार मिळत नाही. म्हणून चौथ्या आठवड्यापासून, फिजिओला विचारून, टँक नसलेल्या दिवशी जमिनीवरचं थोडं सुरू करा: खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं, आणि एक पायरी चढणं-उतरणं. जमिनीवर ज्या आठवड्यात हे दोन्ही दुखण्याचा आकडा न वाढता जमतं, त्या आठवड्यात पाण्यातला एक दिवस कमी करून तो जमिनीला द्या.